त्यांना म्हणावं, दार लावा

नाना,

तुमच्याशी थेट बोलायची मला सवय नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करावी ते समजत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हाच सांगितलं होतं, मोठ्या दिरासमोर उभं राहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, समोर आलाच तर पदर पुढे ओढून भिंतीशी व्हायचं. मी भिंतीशी झाले. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं आणि तुमच्या तर नव्हतंच. मग आपण दोघं अक्कांच्या तोंडून भांडलो. तुम्ही ओसरीवर खाटेवर, मी स्वयंपाकघरात चुलीपुढे, आणि मधल्या दारात तुमची बायको. "धाकटीला सांग," हे तुमचं. "अक्का, त्यांना म्हणावं," हे माझं. तुमचं बोलणं मला ऐकू यायचं, माझं तुम्हाला यायला हवं होतं, पण भांड्यांचा आवाज, चुलीवरची फोडणी आणि तुमचा तो डावा कान, जो लहानपणापासून अधू होता. त्यामुळे माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचवायचं काम खरोखरच अक्कांकडे होतं.

तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा भांडण अर्धंच राहिलं. यंदा उन्हाळ्यात जळगावात कॉलऱ्याची कुणकुण लागली. नगरपालिकेनं बर्फ बंद केला, उसाचा रस बंद केला, टोचून घेतल्याशिवाय एस.टी. स्टँडवर माणसाला गाडीत चढू देईनात. तुम्ही दाणाबाजारातल्या दुकानातून जेवायला आलात ते चिडूनच. वाटेत एका कलिंगडवाल्याच्या फोडींवर रॉकेल ओतताना तुम्ही पाहिलं होतं. "दोन घरांत जुलाब लागले आणि सगळं गाव पिसाळलं," म्हणालात. "धाकटीला सांग, तिची नगरपालिका जिंकली. एका गरिबाचा दिवस बुडवला." माझं डोकं फिरलं. मी आतून म्हटलं, "अक्का, त्यांना म्हणावं, तुमच्यासारखी माणसं गावात असली की साथीला वेगळं आवतण धाडावं लागत नाही." अक्कांनी पदराला हात पुसले, दारात गेल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, "ती म्हनस, टोपी घालीसन जा, ऊन पडेल शे."

तुम्ही टोपी घातलीत, "बरं" म्हणालात आणि गेलात. संध्याकाळी तुम्हाला दुकानातल्या माणसांनी धरून आणलं. पुढचं काही लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. परवा तुमचं तेरावं झालं. लोक आले, तुमच्याबद्दल चांगलं बोलले, वरणबट्टी जेवून गेले. कुणीतरी म्हणालं, नाना म्हणजे शांत माणूस. मला आतल्या आत हसू आलं.

शांत कसले! तुमचं म्हणणं एकच होतं आणि ते तुम्ही चढ्या आवाजात मांडायचात. माणसं उगाच घाबरतात. साथ आली की रोगानं जेवढी माणसं मरतात, त्याहून जास्त वाईट भीतीनं होतं. दुकानं बंद पडतात, रोजंदारीवाला उपाशी राहतो, शेजारी शेजाऱ्याला ओळख दाखवत नाही. रोग महिन्या-दोन महिन्यांत निघून जातो आणि ही ओळख विसरलेली माणसं तशीच एका गल्लीत राहतात. माझं म्हणणं बरोबर उलट. माणसं घाबरतच नाहीत. धुळ्याला माझ्या माहेरी माझा पाठचा भाऊ गेला तो कॉलऱ्यानं, आणि तो आजारी असताना घरात येणारा प्रत्येक जण म्हणत होता, जेवण बाधलं असेल. त्याला बघायला आलेले आमच्याच माठातलं पाणी प्यायले. घाबरून एकानं जरी डॉक्टरला बोलावलं असतं तरी... पण ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अक्कांच्या हाती असली गोष्ट देववत नव्हती.

हे आपलं वर्षानुवर्षं चालू राहिलं असतं, गमतीचंच. वर्तमानपत्रात बातमी आली की तुम्ही मुद्दाम मोठ्यानं वाचायचात आणि मी मुद्दाम भांडी आपटायची. मग ते देवीचं वर्ष आलं.

आधी गल्लीत नुसत्या गप्पा होत्या. तापीकाठच्या कुठल्याशा गावात देवी निघाल्या, मग आपल्याकडे मागच्या पेठेत एका घराला कडुलिंबाचा डहाळा लागला. त्या आठवड्यात माणसांनी काय काय केलं ते आपण दोघांनीही आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरलं असतं. निम्मी गल्ली पोराबाळांना घेऊन नातेवाइकांकडे पळाली, कुणी भडगावला, कुणी धुळ्याला, कुणी जवळ म्हणून पिंप्राळ्यालाच. दूधवाला लांब उभा राहून भांड्यात दूध ओतायचा आणि निम्मं रस्त्यावर सांडायचा. आणि हीच माणसं नगरपालिकेचे टोचणारे आले की पोरांना लपवायची. शेजारची सुमन आपल्या मंगलला धान्याच्या कोठीमागे बसवायची आणि दारात उभी राहून सांगायची, पोरगी आजोळी गेली. टोचल्यावर ताप येतो, त्याला ती घाबरायची. देवीला नाही घाबरायची. मी म्हणायचे, अक्का, त्यांना म्हणावं, बघा तुमची घाबरणारी माणसं. तुम्ही म्हणायचात, धाकटीला सांग, सुमन घाबरलीच आहे, फक्त चुकीच्या गोष्टीला. आज मला वाटतं, हे तुम्ही बरोबर बोलला होतात. तेव्हा मात्र मी मान्य केलं नाही.

माझी कुंदा तेव्हा चार-पाच वर्षांची होती. तिला देवी काढल्या होत्या, पण टोचल्याचे फोड दंडावर उठले नव्हते. पुन्हा काढू म्हणाले, तेव्हा तिला खोकला होता. हे धुळ्याला एस.टी.च्या कचेरीत नोकरीला, आठवड्यातून एकदा यायचे. एका सकाळी कुंदाचं अंग चटके बसावेत इतकं तापलेलं होतं आणि पाठ दुखते म्हणून ती रडत होती. तिसऱ्या दिवशी तोंडावर आणि तळहातांवर ते दाणे दिसले. डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. एक गोष्ट मला स्वच्छ कळत होती. मी मागच्या खोलीत तिला घेऊन बसायचं आणि कुणालाही आत येऊ द्यायचं नाही. तिची काळजी तर होतीच, पण गल्लीतल्या पोरांचीही होती.

आणि नेमकं आपल्याकडे उलटं असतं. घरात देवी आली म्हणजे पाहुणी आली. अंगणात लिंब बांधायचा, फोडणी द्यायची नाही, कुणी केस विंचरायचे नाहीत, आणि गल्लीतल्या बायांनी नारळ, दहीभात घेऊन तिला बघायला यायचं. रोज ज्या बाया नळावर आमच्या कळशीला कळशी लागू देत नव्हत्या, त्याच बाया त्या दिवशी दुपारी न्हाऊन, लुगडी नेसून, पोरं कडेवर घेऊन दर्शनाला निघाल्या. रोगाला भ्यायच्या, पण देवीला बघायला न जाण्याला जास्त भ्यायच्या. मी मागच्या खोलीच्या दारात अक्कांना सांगितलं, "त्यांना म्हणावं, बायांना ओसरीवरूनच परत धाडा. कुणी आत यायचं नाही. दार लावून घ्या." अक्का "हो व" म्हणून गेल्या. मी आत कुंदाच्या डोळ्यांवर ओलं फडकं धरून बसले. बाहेर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं माझ्या खोलीचं दार ढकलून पाच-सहा बाया आत आल्या. सुमन पुढे होती. मंगल तिचा पदर धरून होती, आणि कुंदाची मैत्रीण म्हणून सरळ खाटेशी आली. कुणी कुंदाच्या पायांना हात लावला, कुणी अंगारा मागितला. मी एकटी होते, काय करावं सुचेना. मी उठून बाहेर आले. डोक्यावर पदर नव्हता. ओसरीत तुम्ही उभे होतात, रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं आणि आणखी दोघी नारळ घेऊन पायरी चढत होत्या. मी ओरडले, "नाना, दार लावा!"

गल्लीनं ऐकलं. अक्कांच्या हातातलं तबक खाली ठेवायचं राहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, अक्कांकडे पाहिलंत. मग आतल्या बायांना हात जोडलेत, त्या निमूट बाहेर गेल्या, पायरीवरच्या दोघींना तुम्ही परत पाठवलंत आणि दार लावून कडी घातलीत.  मी समजले ते असं, की हा माणूस अखेर आपलंच खरं करायला निघाला होता. मी सांगूनही यानं दार उघडं ठेवलं, कारण यानं आयुष्यभर सांगितलं होतं की माणसं उगाच घाबरतात.

त्या दिवसापासून तुम्ही दुकानात गेला नाहीत. मागच्या खोलीच्या बंद दाराबाहेर खाट टाकून बसलात. बाया यायच्या त्यांना ओसरीवरच थांबवायचात. नारळ ओट्यावर ठेवून घ्यायचात, दहीभात घ्यायचात, प्रत्येकीला नाव घेऊन विचारायचात, घरी पोरं बरी आहेत ना, टोचून घेतलं ना. एकीलाही रागावला नाहीत. संध्याकाळी त्यांनी देवीची गाणी रस्त्यात बसून म्हणायची ठरवली ते तुमच्याच सांगण्यावरून. दूधवाल्याला दारात बोलावून, त्याच्या हातचं भांडं तुम्ही आपल्या हातात घ्यायचात, सगळ्या गल्लीला दिसेल असं. एकदा तुम्ही कुणाला तरी म्हणालात, "दार बंद आहे, घर बंद नाही." ते मी आतून ऐकलं. माझा राग मात्र गेला नव्हता.

मग दुपारी अक्का झोपल्या की तुम्ही बोलायला लागलात. आधी दोन-तीन दिवस नुसते खाकरायचात. मग एकदा म्हणालात, "मी धाकटीशी नाही बोलत, दाराशी बोलतोय." मी आतून म्हटलं, "कुंदा, दाराला सांग, ऐकतंय कुणीतरी." कुंदा तापात हसली. त्या आजारात ती हसलेली मला तेवढंच आठवतं. असं आपलं बोलणं झालं, दार मध्ये ठेवून, मी कुंदाला सांगायचं आणि तुम्ही दाराला.

तेव्हा तुम्ही तुमच्या आईचं सांगितलंत. तुम्ही सात-आठ वर्षांचे असताना प्लेग आला, माणसं गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिली. तुमच्या आईच्या काखेत गाठ आली. सगळ्यांनी आपल्या झोपड्या हलवल्या आणि तिची झोपडी तिथंच राहिली. तुम्हाला आणि यांना काकानं उचलून नेलं. रोज एक माणूस बांधाशी पाण्याचं मडकं ठेवून यायचा, पण ते उचलायला उठण्याची ताकद तिच्यात नव्हती. "मडकी भरलेली सापडली," तुम्ही म्हणालात.  मी कुंदाच्या अंगावर लिंबाचा पाला फिरवत बसले होते. मी माझ्या भावाचं सांगितलं, कुंदाला. माठाचं सांगितलं. तुम्ही दाराबाहेरून विचारलंत, "दाराला विचारायचंय, त्याचं नाव काय होतं?" मी सांगितलं. इतक्या वर्षांत या घरात त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा मला वाटलं, आपलं भांडण मिटलं. तुम्ही तुमच्या आईच्या बाजूनं भांडत होतात आणि मी माझ्या भावाच्या. दोघंही आपापल्या जागी खरे होतो. तिच्या बाबतीत माणसं जरुरीपेक्षा जास्त घाबरली, त्याच्या बाबतीत कुणी घाबरलंच नाही. साथीत माणसानं किती घाबरावं, याचं काही माप असतं का? मला अजून सापडलेलं नाही. एवढं खरं, की तुम्ही त्या खाटेवर बसून जे करत होतात, ते दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं. कुणाला आत सोडत नव्हतात आणि कुणाला तोडतही नव्हतात. पण मी तेही मनाजोगं पाहू शकले नाही, कारण दर वेळी मला ते उघडं दार आठवायचं. एकदा मी कुंदाला म्हटलं, "दाराला विचार, सांगूनसुद्धा बायांना आत का सोडलं?"  मग तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं." मी म्हटलं, "कुंदा, दाराला सांग, हट्टापायी चुकलं." तुम्ही "हो" म्हणालात.

कुंदा वाचली. खपल्या पडल्या, चेहऱ्यावर थोडे व्रण राहिले, ती पुन्हा अंगणात खेळायला लागली. आणि पंधरवड्यानं सुमनच्या दाराला डहाळा लागला.

मंगलला आमच्या घरातून देवी आल्या की नळावरून की बाजारातून, हे सांगणारा कुणी नाही. आमच्याकडे देवी निघाल्याबरोबर टोचणारे पुन्हा गल्लीत आले होते आणि सुमननं तिला पुन्हा कोठीमागे बसवलं होतं. तेही खरं. पण ती माझ्या कुंदाच्या खाटेशी उभी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरगी वाचली, एक डोळा गेला. सुमननं कुणाला दोष दिला नाही, देवीनं घेतला म्हणाली. मी मात्र दिला, नाना. मनातल्या मनात रोज, आणि अक्कांच्या तोंडून कधीमधी. तुम्ही मंगलला दोनदा धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत, तिला शाळेत घालायला सुमनच्या नवऱ्याच्या मागे लागलात, दिवाळीला कुंदाच्या आधी तिच्यासाठी फ्रॉक आणलात. तेव्हा मी म्हणायचे, बरोबर आहे, करायलाच हवं. त्यांना म्हणावं, उगाच घाबरणारी माणसं बघा, आंधळी होत नाहीत. हे तरी अक्कांनी तुमच्यापर्यंत पोचवलं नसेल असं मला वाटायचं. आता तेही वाटत नाही. कदाचित नेमकं तेच त्यांनी जसंच्या तसं सांगितलं असेल.

कारण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, सगळे पाहुणे गेल्यावर अक्का माझ्याजवळ बसल्या. मी भाजी निवडत होते. त्यांनी माझा हात धरला आणि भाजी खाली ठेवायला लावली. म्हणाल्या, त्या दिवशी मी तुझं म्हणणं तुझ्या दिरांना सांगितलंच नाही. माझी आई सांगून गेली होती, देवीच्या दारातून कुणाला परत धाडू नये. "माले भ्याव वाटनं," म्हणाल्या. "देवी कोपली आन् पोर गयी तर? मी त्यासले सांगं, ती म्हनस, बाया येवोत, पन गर्दी नको."

 मला ते तुमचं अक्कांकडे बघणं आठवलं. तुम्हाला तिथंच कळलं होतं.

"त्यासनी बठ्ठा दोष आपला आंगवर लिना," अक्का म्हणाल्या. "माले शपथ घाली. म्हने, धाकलीले सांगू नको, ती तुन्हासंगे बोलाव नही."

मी उठून परसात गेले. चिडले मी, नाना. अक्कांवर नाही, तुमच्यावर. इतकी वर्षं. दाराशी बोलून दाखवलंत तुम्ही, आईचं सांगितलंत, माझ्या भावाचं नाव विचारलंत, आणि हे मात्र पोटात ठेवलंत. मी हट्टी म्हटलं तेव्हा "हो" म्हणालात. मंगलला बोट धरून धुळ्याच्या गाडीत बसवायचात, तेव्हा बायकोचं ओझं नेत होतात. आणि वर मला भीतीवर भाषणं द्यायचात! अख्ख्या गावाला सांगायचात की उगाच घाबरू नका, आणि घरातल्या एका बाईच्या रागाला एवढे घाबरलात, की आयुष्यभर तिच्याकडून बोलणी खाल्लीत.

परसात उभं राहून मी खूप विचार केला. मी काय केलं असतं? खरं सांगते. त्या वर्षी, मंगलचा डोळा गेला त्या दिवसांत, मला हे कळलं असतं तर मी अक्कांच्या हातचं पाणी घेतलं नसतं. चूल वेगळी केली असती. यांना धुळ्याहून बोलावून घेऊन पिंप्राळ्याला वेगळी खोली बघायला लावली असती. सुमनच्या दारात जाऊन सांगितलं असतं, आणि गल्लीनं अक्कांना नळावर उभं केलं नसतं. तुमच्या आईच्या झोपडीसारखं त्यांचं झालं असतं, घराच्या आत. म्हणजे तुमचं घाबरणं त्या वर्षी बरोबर होतं. पुढच्या वर्षीही बरोबर असेल. पण त्याच्या पुढच्या? पाच वर्षांनी? माझा राग निवलाय की नाही, हे बघायला तुम्ही दार किलकिलं करून पाहायला हवं होतं. नगरपालिकासुद्धा साथ सरली की दवंडी देऊन सांगते. तुम्ही ती कधी दिलीच नाहीत.

आणि माझंही म्हणणं मला तपासून पाहावं लागतंय. मी म्हणत आले, माणसं घाबरत नाहीत. अक्का तर त्या दिवशी आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरलेल्या होत्या. कुंदा जाईल म्हणूनच घाबरल्या होत्या, माझ्याइतक्याच. त्यांनी दार उघडलं ते निष्काळजीपणानं नाही. मी भीतीनं दार लावायला सांगितलं, त्यांनी भीतीनं उघडलं, आणि तुम्ही दोघींच्या मध्ये उभे राहिलात. हे तुमच्याशी बोलायचं होतं. असं काहीतरी सापडलं की मला दोन दिवस उत्साह असायचा, कधी एकदा जेवायला येताय आणि अक्कांना दारात पाठवतेय असं व्हायचं. तुम्ही नक्की काहीतरी उलट काढलं असतंत. मला ते ऐकायचं होतं.

तुमचे उपकार मानायचे तर कशाबद्दल मानू? कुंदाच्या दाराबाहेर बसलात त्याबद्दल, भावाचं नाव विचारलंत त्याबद्दल, आणि हो, माझ्या सगळ्या बोलण्याबद्दल, जे तुम्ही तोंड वाकडं न करता ऐकून घेतलंत. पण सगळ्यात जास्त याबद्दल, की हे घर फुटलं नाही. ते तुम्ही फुटू दिलं नाहीत आणि मला ते कळूही दिलं नाहीत. रागही त्याचाच आहे. दोन्ही एकदम कसं असतं ते मला विचारू नका.

मंगलला अजून काही सांगितलेलं नाही. सुमनलाही नाही. अक्का म्हणतात, मी स्वतः जाऊन सांगेन. मी त्यांना थांबा म्हटलंय. सांगायचंच नाही असं नाही, पण काय सांगायचं आणि कसं, ते आधी आम्ही दोघी बसून ठरवू. मी बरोबर जाईन. मंगल आता मोठी झाली आहे, काल तुमच्या फोटोपुढे रडत होती. तिला खरं ऐकून राग आला तर येऊ दे. येईल आणि जाईल.

परसातून मी आत आले तेव्हा अक्का तिथंच बसलेल्या होत्या, निवडायची भाजी तशीच पुढ्यात. त्यांनी वर पाहिलं नाही. "आते तू मन्हासंगे बोलशी ना?" म्हणाल्या.

मी त्यांच्याशेजारी बसले. भाजीची जुडी पुढे ओढली. जरा कडक आवाज काढून म्हटलं, "बोलेन. पण अक्का, यापुढे माझं बोलणं आहे तसं सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

त्यांनी ओसरीवरच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"आते कोनले सांगू व माय?" म्हणाल्या.